खुब्याच्या हाडाची हकिकत

मराठी भाषेने हाडांना फार मोठा मान दिला आहे. जो जीव ओतून शिकवतो तो हाडाचा शिक्षक, आणि मातीत जन्मून मातीतच रमतो तो हाडाचा शेतकरी. संसारासाठी झिजणारी माणसे हाडाची काडे करतात, आणि एखादी खोड अंगात पुरती मुरली म्हणजे ती हाडीमांसी खिळली असे आपण म्हणतो. या सगळ्या बोलण्यामागे एक जुनी समजूत आहे. मांस चढते, उतरते, कातडीला सुरकुत्या पडतात, केस पिकतात; पण हाड तेवढे पक्के, जन्माचे सोबती, न बदलणारे!

समजूत गोड आहे. पण शरीरशास्त्राला ती मान्य नाही. हाडाच्या आत अहोरात्र मोडतोड आणि बांधकाम चाललेले असते. एका जातीच्या पेशी जुने हाड पोखरून काढतात, आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या दुसऱ्या जातीच्या पेशी त्या खळग्यांत नवे हाड भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होत असतो. म्हणजे आपण ज्याला कायमची वास्तू समजतो, ती रोज दुरुस्त होणारी वास्तू आहे. तरुणपणी पोखरणारे आणि भरणारे यांचा हिशेब जमतो. उतारवयात भरणारे मागे पडतात आणि वास्तू आतून विरळ होत जाते. बाहेरून काही दिसत नाही, दुखत नाही, कोणाला पत्ता लागत नाही. मग एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो, किंवा उंबऱ्याला ठेच लागते, आणि घरातले वडीलधारे माणूस खाली बसते ते पुन्हा उठत नाही. खुबा मोडलेला असतो.

असा प्रसंग ज्या घरात आला नाही असे घर सापडणे कठीण. पण या एका मोडण्याचा अर्थ समजायला माणसाला किती शतके लागली, त्यासाठी शल्यवैद्यांबरोबर पूल बांधणारा एक इंजिनियरही कसा कामी आला, ही हकिकत सहसा कोणी सांगत नाही. ती मनोरंजक तर आहेच; शिवाय तिच्यातून निघणारा धडा थेट आपल्या माजघरापर्यंत येतो.

आधी हे हाड कसे असते ते पाहू. मांडीचे हाड आपल्या शरीरातले सर्वांत लांब हाड. त्याच्या वरच्या टोकाला एक गुळगुळीत गोळा असतो, आणि तो कमरेच्या हाडाच्या वाटीत बसतो. पण हा गोळा खांबाच्या माथ्यावर कळस बसवावा तसा सरळ बसवलेला नाही. खांबापासून आत तिरकी निघणारी एक आखूड मान आहे, आणि तिच्या टोकाला गोळा आहे. भिंतीतून बाहेर आलेल्या ब्रॅकेटवर दिवा टांगावा, तशी ही रचना. मान तिरकी आहे म्हणून पाय मोकळेपणाने हलतो आणि कमरेच्या स्नायूंना पकड मिळते. पण त्याची किंमतही आहे: धडाचा सगळा भार या तिरक्या मानेवरून खाली उतरतो. बांधकामाची थोडी माहिती असलेला माणूस चटकन सांगेल की, या इमारतीत मोडायची जागा कोणती असेल तर हीच.

आपल्याकडच्या प्राचीन वैद्यांना मोडलेल्या हाडांची उत्तम जाण होती. सुश्रुतसंहितेत भग्नांचे दोन मोठे वर्ग केले आहेत. हाड मध्येच मोडते ते कांडभग्न. त्याचे बारा प्रकार. सांधा निखळतो तो संधिमुक्त, त्याचे सहा. मांडी आणि पोटरी मोडलेल्या रोग्यासाठी कपाटशयन सांगितले आहे. रोग्याला लाकडी फळीवर निजवायचे आणि पाच ठिकाणी खुंट्या ठोकून अवयव हलणार नाही असा बांधायचा. विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, वयाचा हिशेब त्या ग्रंथाने स्वच्छ मांडला आहे. पहिल्या वयात सांधा एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात दुप्पट काळ लागतो, उत्तर वयात तिप्पट. आणि कटिभागातली काही भग्ने असाध्य म्हणून वैद्याने हाती घेऊ नयेत, असेही तो सांगतो. ज्याने हजारो हाडे बांधली त्याचाच हात कमरेपाशी थबकावा, यावरून ही दुखापत किती बिकट होती ते दिसते.

युरोपात हाडाच्या बळाविषयी पहिला नेमका विचार केला तो वैद्याने नव्हे, गॅलिलिओने. धर्मपीठाने नजरकैदेत ठेवलेल्या या वृद्ध शास्त्रज्ञाचा शेवटचा मोठा ग्रंथ १६३८ साली हॉलंडमधल्या लायडन येथे छापला गेला. त्यात त्याने पदार्थांच्या मजबुतीचा विचार केला आहे. प्राणी आकाराने वाढला तर त्याचे हाड नुसते त्याच प्रमाणात वाढून भागत नाही. ते प्रमाणाबाहेर जाड व्हावे लागते. आणि तेवढ्याच वजनाच्या भरीव कांबीपेक्षा पोकळ नळी अधिक भार सोसते. पक्ष्यांची हाडे आणि बोरू पाहा, असे तो सांगतो. पोकळ नळीची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुरुषांच्या आणि बायकांच्या हाडांतला फरक समजून घेताना ती पुढे उपयोगी पडणार आहे.

यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी लंडनमध्ये सर ॲस्टली कूपर या शल्यवैद्याने खुब्याच्या मोडण्याकडे डोळसपणे पाहिले. चौथ्या जॉर्ज राजाच्या डोक्यावरची गाठ काढून त्याने किताब मिळवला होता. पण त्याचे खरे मोठेपण त्याच्या निरीक्षणात आहे. सांधे निखळणे आणि मोडणे या विषयावरचा त्याचा ग्रंथ १८२२ साली निघाला. ही दुखापत पन्नाशीच्या आत क्वचित होते, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक होते, आणि ती व्हायला मोठा अपघात लागत नाही, हे त्याने नोंदवले. लंडनच्या रस्त्यावर पदपथाच्या काठावरून पाय निसटला तरी पुरे! म्हातारपणी हाडाचे कवच पातळ होते आणि आतला भाग जाळीदार होतो, हेही त्याने हाडे कापून पाहिले होते.

त्याने आणखी एक महत्त्वाचा भेद केला. सांध्याभोवती एक पिशवीसारखे आवरण असते. मोड त्या आवरणाच्या बाहेर असेल तर हाड वाकडेतिकडे का होईना, पण जुळते. मोड आवरणाच्या आत, म्हणजे मानेत असेल, तर बहुधा जुळत नाही. कारण गोळ्याला लागणारे रक्त मुख्यतः मानेच्या अंगाने वर येते. मान तुटली की गोळ्याची रसदही तुटते.

आणि मग कूपरने जे केले ते त्याच्या धैर्याची साक्ष देणारे आहे. मानेतला मोड जुळवण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना महिनोन् महिने बांधून ठेवण्याचे सगळे प्रयत्न त्याने पाहिले होते, आणि त्यांतून हाड जुळत नाही, माणूस मात्र जातो, हेही पाहिले होते. तेव्हा त्याने बांधणेच सोडून दिले. पायाखाली उशी ठेवायची, दहा-पंधरा दिवसांत वेदना ओसरली की रोग्याला उठवून उंच खुर्चीवर बसवायचे, आणि पुढे थोड्याच दिवसांत कुबड्या द्यायच्या. रोगी लंगडा राहील, पण जगेल. त्या काळात यापेक्षा शहाणा सल्ला देणे कोणाला शक्य नव्हते. दुर्दैवाने पुढच्या शंभर वर्षांत हा शहाणपणा वैद्यकाच्या हातून अनेकदा निसटला.

आता आपण स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला जाऊ. या हकिकतीतला सर्वांत रम्य प्रसंग तिथला आहे. हेर्मान फॉन मायर हा तिथे शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक होता. मांडीच्या हाडाचे वरचे टोक उभे चिरून त्याच्या आतली जाळी तो अभ्यासत होता. ही जाळी स्पंजासारखी अस्ताव्यस्त नसते. त्यात बारीक तुळयांच्या रांगा असतात. एक रांग गोळ्यापासून मानेच्या आतल्या बाजूने खाली खांबात उतरते. दुसरी खांबाच्या बाहेरच्या बाजूने निघून कमानीसारखी मानेच्या वरच्या अंगाने गोळ्याकडे वळते. दोन्ही एकमेकींना सुरेख छेदतात. इंग्लंडात एफ. ओ. वॉर्ड याने १८३८ सालीच या रेषा वर्णन केल्या होत्या आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या ब्रॅकेटशी त्यांची तुलना केली होती. दोन्ही रांगांच्या मधली जी विरळ त्रिकोणी जागा आहे, तिला आजही वॉर्डचा त्रिकोण म्हणतात. पण त्या रेषा तिथेच का, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

ते उत्तर १८६६ साली कार्ल कुलमान याने दिले. कुलमान झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये इंजिनियरिंगचा प्राध्यापक. पूल आणि यारी, म्हणजे बंदरावर ओझी उचलणारी क्रेन, यांच्यात भार कुठून कसा वाहतो ते रेषांनी काढून दाखवण्याचे शास्त्र त्याने उभारले होते. डार्सी टॉमसन या प्राणिशास्त्रज्ञाने १९१७ सालच्या आपल्या ग्रंथात गोष्ट सांगितली आहे ती अशी: कुलमान मायरच्या खोलीत आला, चिरलेले हाड त्याच्या नजरेस पडले, आणि तो ओरडलाच की, ही तर माझी यारी! वाकड्या मानेच्या यारीवर ओझे टांगले तर दाब आणि ताण ज्या रेषांनी वाहतील, तंतोतंत त्याच रेषांत निसर्गाने हाडाच्या तुळया बसवल्या होत्या. गोष्ट सांगताना थोडा रंग चढला असेल. पण मायरने १८६७ साली हा शोध प्रसिद्ध केला आणि कुलमानचे श्रेय त्याला दिले, हे खरे.

पुढच्या अभ्यासकांनी या तुलनेतले दोष दाखवले आहेत. यारी निर्जीव असते. मांडीच्या हाडाला मात्र चारी बाजूंनी स्नायू ओढत असतात, आणि चालताना भाराची दिशा क्षणोक्षणी बदलते. तरीही मूळ मुद्दा टिकला. हाडाची रचना तिच्यावर पडणाऱ्या भाराला अनुसरून असते.

बर्लिनचा शल्यवैद्य युलियस वोल्फ याने या मुद्द्याला नियमाचे रूप दिले. १८७० पासून तो या विषयाच्या मागे होता; १८९२ साली त्याचा मोठा ग्रंथ निघाला. हाडावरचा भार बदलला की हाड आपली आतली आणि बाहेरची घडण बदलते, असे त्याचे सांगणे. वाकडे जुळलेल्या हाडात काही वर्षांनी तुळया नव्या भाराच्या रेषेत बसलेल्या त्याने दाखवल्या. त्याचे गणित पुढे पुष्कळ सुधारावे लागले. पण नियमाचा गाभा अनेक रीतींनी पटला आहे. टेनिसपटूंच्या खेळणाऱ्या हाताचे दंडाचे हाड दुसऱ्या हातापेक्षा कितीतरी जाड भरते, हे १९७७ साली मोजून दाखवले गेले. उलट, अंतराळात महिनोन् महिने राहणाऱ्या प्रवाशांच्या खुब्याची हाडे दर महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का झिजतात. तिथे पायावर भार नाही; शरीर म्हणते, मग ही तुळई सांभाळायची कशाला?

हे वाचून सुज्ञ वाचकाच्या मनात एक विचार आलाच असेल. अंतराळप्रवाशाची जी स्थिती, तीच अंथरुणावर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाची. ज्या हाडाला भार हवा त्याला आपण गादीवर निजवतो, आणि ते आणखी विरळ होते.

पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वैद्यकाचे लक्ष जुळवण्याकडे लागले होते. १८९५ च्या अखेरीस राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि मोड डोळ्यांना दिसू लागला. न्यूयॉर्कच्या रॉयल व्हिटमनने पाय बाहेर ताणून, आतल्या बाजूला वळवून, छातीपासून पावलापर्यंत प्लॅस्टरमध्ये बसवण्याची पद्धत आणली. काही मोड त्यामुळे खरोखर जुळले, आणि हे हाड जुळूच शकत नाही ही समजूत मोडली. पण महिनोन् महिने प्लॅस्टरमध्ये जखडलेल्या वृद्धांना अंथरुणातल्या जखमा आणि न्यूमोनिया या दोन शत्रूंनी गाठले.

सुटका केली ती एका खिळ्याने. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळातल्या स्मिथ-पीटरसन या नॉर्वेत जन्मलेल्या शल्यवैद्याने १९२५ पासून तीन पात्यांचा पोलादी खिळा वापरायला सुरुवात केली आणि १९३१ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. पाती तीन असल्यामुळे गोळा मानेवर फिरत नसे. १९३२ साली स्वीडनच्या स्वेन योहान्सनने खिळा मधून पोकळ केला. आधी बारीक तार घालायची, क्ष-किरणांत तिची जागा तपासायची, मग तारेवरून खिळा ठोकायचा. यामुळे सांधा उघडण्याची गरज राहिली नाही. जिथे गोळाच मरणार हे स्पष्ट असे, तिथे तो काढून धातूचा बसवण्याची कल्पना पुढे आली. १९४० साली अमेरिकेत ऑस्टिन मूर आणि बोहलमन यांनी मांडीच्या हाडाचे वरचे टोकच धातूचे बसवले, आणि १९६२ साली इंग्लंडात जॉन चार्नलीने धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी अशी जोडी सिद्ध केली. आज रोग्याला शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रियेला घेतात आणि दुसऱ्याच दिवशी उभे करतात. कूपरचा सल्ला असा फिरून आला. फरक इतकाच की, आता लंगडे राहण्याची सक्ती नाही.

मोड कसा सांधावा हे कळले. पण हाड मुळात विरळ का होते? योगायोग असा की, या प्रश्नालाही त्याच बॉस्टनच्या इस्पितळात वाचा फुटली. सच्छिद्र झालेल्या हाडांना ऑस्टिओपोरोसिस हे नाव एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते. परंतु १९४० च्या सुमारास फुलर ऑलब्राइट आणि त्याचे सहकारी यांच्या लक्षात आले की, अशा रोग्यांत पाळी गेलेल्या स्त्रियांची संख्या विलक्षण आहे. बीजकोशातून निघणारे इस्ट्रोजेन बंद पडते आणि हाडांचा आधार जातो, हे त्यांचे अनुमान. इस्ट्रोजेन हाड पोखरणाऱ्या पेशींना आवरून धरते, हे पुढच्या संशोधनाने दाखवले. पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत स्त्रियांची हाडे झपाट्याने का झिजतात, त्याचे कारण हे.

मग पुरुषांचे काय? इथे गॅलिलिओची नळी आठवावी. वयात येताना मुलांची हाडे मुलींपेक्षा रुंद होतात, आणि रुंद नळी बळकट असते. पुढेही आतून झीज होत असताना बाहेरून थोडी भर पडत राहते, आणि ती पुरुषांत अधिक. शिवाय पुरुषांना पाळी जाण्यासारखा एकाएकी येणारा उतार नाही. म्हणून खुबा मोडणाऱ्यांत साधारण तीन चतुर्थांश स्त्रिया असतात. यावरून हा बायकांचा आजार अशी समजूत पसरली आणि पुरुष दुर्लक्षित राहिले. वस्तुतः खुबा मोडल्यावर वर्षाच्या आत दगावण्याचे प्रमाण पुरुषांत स्त्रियांपेक्षा जास्त आहे. आणि १९९४ साली एक चमत्कारिक रोगी वैद्यकाच्या समोर आला. वय २८, उंची २०४ सेंटीमीटर, अजून वाढतच असलेला, आणि हाडे मात्र विरळ! त्याच्या शरीरात पुरुषी अंतःस्राव भरपूर होते. जन्मजात दोषामुळे इस्ट्रोजेनचा परिणाम तेवढा होत नव्हता. तेव्हा कळले की, ज्याला आपण केवळ स्त्रियांचे द्रव्य समजतो, त्यावर पुरुषाचे हाडही उभे आहे.

झीज मोजायची कशी, याच्या उत्तरात भारतीय नावे आहेत हे सांगायला आनंद वाटतो. सिंग, नागरथ आणि मैनी यांनी १९७० साली एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. खुब्याचा साधा क्ष-किरण फोटो घ्यायचा आणि मायर-कुलमानच्या त्या तुळया उरल्या आहेत किती ते पाहायचे. त्यांनी सहा पायऱ्या ठरवल्या. सहावीत सर्व रांगा भरगच्च, पहिलीत मुख्य रांगसुद्धा पुसट. तुळया नाहीशा होण्याला क्रम असतो. दुय्यम रांगा आधी जातात, मग ताण सोसणारी कमान, आणि धडाचा मुख्य भार वाहणारी रांग सर्वांत शेवटी. अडचणीत आलेला गृहस्थ आधी माडी विकतो, मग परसू, आणि राहते घर शेवटपर्यंत धरून ठेवतो, तसाच हा प्रकार. ही पद्धत स्वस्त होती, पण दोन डॉक्टरांचे वाचन नेहमी जुळेना. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दोन शक्तींच्या क्ष-किरणांनी घनता मोजणारी यंत्रे आली, आणि १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीशी तुलना करून रोगाची रेषा आखून दिली.

पण नुसत्या घनतेने सगळे कळत नाही; घडणही पाहावी लागते. १९९३ साली अमेरिकेतल्या वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत आढळले की, मान-गोळ्याची आडवी लांबी जितकी जास्त, तितका मोडण्याचा धोका अधिक. ब्रॅकेट जितके लांब तितके लवकर वाकते, हे लोहारही सांगेल. जपानी स्त्रियांच्या हाडांची घनता गोऱ्या अमेरिकन स्त्रियांपेक्षा कमी, तरी त्यांचे खुबे कमी मोडतात. त्यांची मान आखूड असते, हे त्याचे एक कारण १९९४ साली पुढे आले.

आणि २००५ साली केंब्रिजच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक फार अर्थपूर्ण गोष्ट मांडली. मृत्यूनंतर मिळालेली वेगवेगळ्या वयांची हाडे त्यांनी आडवी कापून पाहिली. वय वाढते तसे मानेच्या खालच्या बाजूचे कवच शाबूत राहते. वरच्या-बाहेरच्या बाजूचे मात्र फार पातळ होते. कारण साध्या चालण्यात भार खालच्या बाजूवर येतो. वरच्या बाजूला पुरेसे काम मिळत नाही. आणि माणूस कुशीवर पडला म्हणजे आघात नेमका त्या कमजोर बाजूवर येतो. म्हणजे चालणे चांगलेच, पण तेवढ्यावर हाडाचे सगळे अंग राखले जात नाही. खुब्याला निरनिराळ्या दिशांनी काम हवे.

काम करणाऱ्या माणसांची हाडे कशी असतात, याचा एक पुरावा लंडनच्या एका देवळाखाली निघाला. स्पिटलफील्ड्स भागातल्या ख्राइस्ट चर्चच्या तळघरात १७२९ ते १८५२ या काळात पुरलेले सांगाडे दुरुस्तीच्या निमित्ताने बाहेर आले. हा भाग रेशीम विणणाऱ्यांचा. त्यांतल्या ८७ स्त्रियांच्या खुब्याची घनता मोजून २९४ हयात स्त्रियांशी ताडून पाहिली गेली. १९९३ साली निष्कर्ष आला की, त्या जुन्या स्त्रियांच्या हाडांची झीज आजच्या स्त्रियांपेक्षा हळू होती. अंगमेहनत हे त्याचे एक कारण असावे, असे संशोधकांना वाटले. त्या काही सुखात नांदत नव्हत्या. पण त्यांच्या हाडांना रिकामपण ठाऊक नव्हते.

आता औषधांचा थोडा हिशेब. इस्ट्रोजेन पुन्हा दिले तर मोड कमी होतात. पण २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात वाढलेले दिसले, आणि ते सरसकट देण्याची रीत मागे पडली. झीज आवरणाऱ्या ॲलेन्ड्रोनेटने आधीच मणका मोडलेल्या स्त्रियांत खुबा मोडण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले, हे १९९६ साली सिद्ध झाले. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांची कथा बोधप्रद आहे. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतल्या ३,२७० स्त्रियांवर झालेल्या, १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती दोन्ही घेणाऱ्यांचे खुबे ४३ टक्क्यांनी कमी मोडले. सूर्य न पाहणाऱ्या, पोटभर न जेवणाऱ्या त्या स्त्रियांत उणीव होती, ती भरली गेली. उलट २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत २५,००० हून अधिक सर्वसाधारण माणसांना नुसते ‘ड’ जीवनसत्त्व देऊन मोड कमी झाले नाहीत. जिथे खड्डा आहे तिथे भर घालावी. सपाट जमिनीवर ढीग रचून उपयोग नाही. आपल्या सूर्याच्या देशातही, घराबाहेर न पडणाऱ्या पुष्कळांत ही उणीव सापडते, हे मात्र विसरू नये.

शेवटी, हाड कितीही विरळ झाले तरी बहुतेक वेळा ते मोडते पडल्यावरच. दहांपैकी नऊ खुबे पडण्याने मोडतात. पायांचे बळ आणि तोल वाढवणाऱ्या व्यायामाने वृद्धांचे पडणे सुमारे पाव हिश्श्याने कमी होते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबातून दिसले आहे. यासाठी यंत्र लागत नाही, इस्पितळ लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, टेबलाला धरून टाचा उचलणे, जिना चढणे, अशा गोष्टी रोज केल्या तरी पुष्कळ. घराने आपल्या बाजूने न्हाणीघरातली शेवाळलेली फरशी घासावी, धरायला एक दांडी बसवावी, रात्री वाटेत दिवा ठेवावा, दृष्टी तपासून घ्यावी.

या उठाठेवीचे महत्त्व पुढे वाढतच जाणार आहे. १९९० साली जगात सुमारे १६ लाख ६० हजार खुबे मोडले, असा अंदाज १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्याच अभ्यासकांच्या हिशेबाने २०५० साली ही संख्या ६२ लाख ६० हजारांवर जाईल, आणि वाढीचा मोठा वाटा आशियाचा असेल. कारण सरळ आहे: आपली माणसे आता अधिक जगतात. आणि उत्तम उपचारांच्या देशांतही खुबा मोडलेल्यांपैकी साधारण पाचांतले एक माणूस वर्षभरात जाते.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरते. वैद्यांनी जेव्हा जेव्हा म्हाताऱ्या माणसाला बांधून निजवले, तेव्हा हाड आणि माणूस दोन्ही खचले. आणि कूपरपासून आजवर ज्यांनी त्याला उभे केले, त्यांनी त्याला वाचवले. आपल्या घरांत वडिलांना मान देण्याची जी रीत आहे, तिच्याकडे या दृष्टीने पाहायला हवे. आजी उठू लागली की सून म्हणते, ‘आई, तुम्ही बसा, मी करते.’ आजोबा पिशवी घेऊन निघाले की मुलगा ती हातातून काढून घेतो. यात प्रेम असते, आदर असतो, थोडी काळजी असते. पण हाडाला प्रेमाची भाषा कळत नाही, त्याला भाराची भाषा कळते. रोज थोडे थोडे आपण त्याला सांगत असतो की, आता तुझे काम संपले. आणि ते आज्ञाधारकपणे आपल्या तुळया काढून घेत जाते.

तेव्हा या दिवाळीत माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर जरूर नातवाने चढावे. तो मान तरुण हाडांचा आहे. पण अंगणात दोन फेऱ्या घालणे, बाजारातून फुले आणणे, रांगोळीची रेघ ओढणे, फराळाची ताटे वाड्यात पोचवणे, ही कामे आजी-आजोबांकडे राहू द्यावीत. हात धरायला कोणी जवळ असावे, एवढेच.